सायकलवर आलेलं मूळ

माहा भाऊ नारायण जन्मभर एका सायकलीवर बसला अन् त्या सायकलीनं त्याले कुठंच पोचवलं नाही, असं आमच्या माहेरचे लोक म्हणत. मी त्यांच्यात नाही. मले त्या सायकलीनं दरवर्षी माहेरी पोचवलं आहे, म्हणून तिच्याबद्दल मी वाईट बोलत नाही.

माहेर वरवट बकालचं. घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, चढलं की उत्तरेले सातपुडा निळा दिसते. नारायण माह्याहून लहान. विहिरीखाली जमिनीचा एक तुकडा, त्यात वांगे, मिरच्या, मेथी. ते सायकलीच्या दोन्ही बाजूले बांधून बाजाराले न्यायचं, हे त्याचं काम. लग्न झालं होतं. पहिल्याच बाळंतपणात बायको गेली, मागोमाग बाळ गेलं. दुसरं कर म्हणून सगळे मागं लागले. तो मान खाली घालून ऐकून घेई, कोणाले उलटून बोलत नसे, अन् सकाळी उठून पाहावं तर सायकलही नाही अन् नारायणही नाही.

असं त्याचं फिरणं सुरू झालं. उन्हाळ्यात वावर रिकामं झालं की कॅरिअरले एक सतरंजी, एक ताटली, पंप, पंक्चरचं सामान, फडक्यात शेंगदाणे अन् गूळ बांधायचा अन् निघायचं. एकटाच. जिथं डोंगर आहे नाहीतर पाणी आहे, तिथं जायचं. सातपुड्यात अंबाबरव्याच्या जंगलाकडे जाई, नळगंगेच्या धरणावर जाई, घाट चढून येळगावच्या पाण्यावर जाई, लोणारच्या सरोवरात उतरून येई. येताना कोणासाठी काही आणत नसे. मी विचारलं, काय पाह्यलं एवढं जाऊन, तर म्हणे पाणी पाह्यलं. म्हटलं, गावात पाणी नाही का? म्हणे, "ते पेयाचं पाणी, बाई. हे पाह्याचं."

आता सायकलीवर गाठोडं बांधून एकटा माणूस गावात शिरला की लोक पहिले विचारतात, कोणत्या देवाले चालले? नवस असला की चहा मिळते, ओट्यावर झोपाले जागा मिळते. नारायण खरं सांगे की कोणत्याच देवाले नाही, फिरून राह्यलो. मग लोक त्याच्याकडे असे पाहत की हा घरून पळून आला का जमीन मोजाले आला. कधी चहा मिळे, कधी कुत्रं मागं लागे. एकदा लोणारकडून परत येताना एका गावात एका म्हातारीनं त्याच्या हातात नारळ देला. सरोवरातल्या देवीपुढं माह्या नावानं फोड म्हणे, मले उतरवत नाही. हा तर सरोवर पाहून घराकडे तोंड करून निघाला होता. तरी उलटा फिरला, पुन्हा एवढं अंतर गेला, खाली उतरला, नारळ फोडला, वर चढला. मी म्हटलं, घरी आणून फोडला असता तर आपण चटणी केली असती. तो हसला नाही. "तिनं हातात देला ना, बाई," म्हणे.

माह्या भावाचा सारा स्वभाव त्या एका नारळात आहे. हातात देलं म्हणजे देलं.

आमच्याकडे सासरी गेलेली लेक आखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, माहेरी येते. पण आपली आपण नाही येत. माहेराहून कोणीतरी न्याले यावं लागते. त्याले मूळ म्हणतात. मूळ आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडला तर लोक म्हणतात, हिची माहेरी वाट पाहणारं कोणी राह्यलं नाही. माहं लग्न घाटावर देऊळघाटले झालं. पहिल्या आखाजीले नारायण मूळ म्हणून आला तेव्हा त्याचे पाय पेडलले पुरे पोचत नव्हते. आईनं त्याले एक गोष्ट सांगून धाडलं होतं. बहिणीच्या गावात शिरलास की दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी घेऊ नको. पहिला गिलास बहिणीच्याच हातचा. पाणी द्याले तिले बाहेर यावंच लागीन. तवा आधी तिचा चेहरा पाहून घे, मग हात पाहून घे, मग पी. माह्या सासूच्या राज्यात सुनेले बाहेर यायची सोय नव्हती, त्या एका गिलासासाठी तिले मले ओट्यावर येऊ द्यावं लागे. आई शाळेत गेली नव्हती, पण तिनं मूळ धाडलं ते असं.

तेव्हापासून दरसाल तेच. नारायण घामानं भिजून येई, ओट्यावर बसे, मी गिलास घेऊन जाई. तो चेहरा पाही, हात पाही, मग पाणी पीत असे. मग मले कॅरिअरवर बसवून बुलडाण्याच्या स्टँडपर्यंत नेई, एसटीत बसवी, अन् आईबाबा गेल्यावर करदोड्याची घराची चाबीही सोडून माह्या हातात देई. "तू पुढं हो, मी येतो मागून." न्याले आलेला मागं अन् जिले न्यायचं ती पुढं, असं आमचं मूळ. मी वरवटले पोचून कुलूप काढी, झाडझूड करी, चूल पेटवी. दुसऱ्या दिवशी भाकरी थापत असताना सायकलीची घंटी वाजे. आखाजीले आईबाबांच्या नावानं पाण्याची घागर भराले आता घरात तो एकटाच राह्यला. माहे केस पांढरे झाले, मले नातवंडं झाली. तरी घंटी वाजली की मले धाव घ्यावंसं वाटे.

मागल्या आखाजीले तो आला नाही. म्हणजे नेहमीच्या दिवशी आला नाही. त्याचा गुडघा धरला होता हे मले ठाऊक होतं. फोन लावला तर नुसता वाजे, उचलत नव्हता. तसा त्याले फोन उचलायचा राग. पोराच्या मते तो वावरात असेल. पोरगा अन् सून वंदना तिच्या माहेरी चालले होते, घर रिकामं होणार होतं. माही नात समीक्षा बुलडाण्याले रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाले आहे, तिनं जुनी गाडी घेतली आहे. नारायणले ती आबा म्हणते. म्हणे, आजी, आबा आता म्हातारे झाले, घाट कसा चढतील? चाल, मीच तुले नेतो. मी म्हटलं, मूळ आल्याबिगर कशी जाऊ? ती म्हणे, गाडीत बस, आपण जाऊन आबालेच चकित करू.

काय करता. गाडी दाराशी, पिशवी गाडीत, पोरगा कुलूप घेऊन उभा. माहं कोण ऐकते. पहाटे ओट्यावरचा रांजण भरून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याले पाणी असावं म्हणून, अन् बसली.

राजूर घाट उतरताना मले चक्कर येते, म्हणून मी पदर तोंडावर घेऊन डोळे मिटून घेतो. त्या दिवशीही घेतले. घाट उतरल्यावर समीक्षा म्हणे, उघड आता. तोवर जे मागं पडायचं ते मागं पडलं होतं. मोताळा गेलं, नांदुरा गेलं, पूर्णेचा पूल गेला, जळगाव जामोद गेलं, अन् सातपुडा समोर आला.

वरवटले घराले कुलूप. समीक्षानं पुन्हा फोन लावला. आतून घंटी ऐकू आली. कुलपाच्या मागं, भिंतीवरच्या खिळ्याले, चार्जिंगले लावलेला फोन वाजत होता. आम्ही दोघी दारात उभ्या राहून तो वाजून बंद होईपर्यंत ऐकत राह्यलो.

शेजारची जनकाबाई बाहेर आली. मले पाहून तिचा हात तोंडावर गेला. "तू इथं कशी, वो? तो त तुले आणाले गेला."

केव्हा गेला, तर परवा अंधारातच. गुडघ्यामुळं हळूहळू जातो म्हणे, एक मुक्काम जास्त करीन. फोन घेऊन जा म्हटलं तर म्हणे, मूळ सांगून जात नसते, जाऊन उभं राहते. जनकाबाईनं आम्हाले ओढून सावलीत बसवलं. आखाजीचं ऊन, आमच्याकडे त्या दिवसांत डांबर चपलेले चिकटते. त्या उन्हात माहा म्हातारा भाऊ सायकलीवर घाट चढून राह्यला, अन् ज्या दारात तो जाणार त्या दाराले कुलूप. अन् मी त्याच्या दारात, तिथंही कुलूप. एक चाबी त्याच्या करदोड्याले, दुसरी पोराच्या खिशात.

देऊळघाटले आमच्या शेजारी करिष्मा राहते. समीक्षानं तिले फोन केला. अजून कोणी आलं नाही म्हणे. आम्ही लगेच उलट्या फिरलो. मी आता डोळे मिटले नाहीत. रस्त्यावरची प्रत्येक सायकल पाहत होती. प्रत्येक लिंबाखाली कोणी आडवं दिसलं की गाडी थांबवाले लावी. एकदा उतरून पाह्यलं तर मेंढपाळ निघाला, तो घाबरून उठून बसला.

नांदुऱ्याजवळ करिष्माचा फोन आला. मामा आले म्हणे, ओट्यावर बसले आहेत. माहा जीव खाली बसला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. पाणी घेत नाहीत म्हणे, काकू. चेहरा लालबुंद झाला अन् घाम येऊन नाही राह्यला. घरात चला म्हटलं तर येत नाहीत.

ते ऐकून मी फोन त्याच्या कानाले लावाले सांगतलं.

"नाऱ्या, पाणी पी."

"बाई? तू ये, मंग पितो."

"मी नांदुऱ्याले हाये. तुह्या बाजूचा रांजण म्या भरला हाये पहाटे. माह्याच हातचं पाणी हाये ते."

"भरलं तू. पण देईन कोण?"

"करिष्मा देते."

"करिष्मा काय माही बहीण हाये?" त्याचा आवाज कोरडा पडला होता, तरी हसला. "फोनमधून त पाणी येत नाही, बाई. मी बसतो. तू सावकाश ये."

मी त्याले शिव्या देल्या. आईची शपथ घातली. तो म्हणे, आईनंच सांगतलं होतं. समोर असता तर नाक दाबून पाजलं असतं. लहानपणी एरंडेल तसंच पाजलं होतं त्याले. पण मधे सारा मोताळा तालुका अन् सारा घाट होता, अन् मी खिडकीच्या काचेत आपलंच तोंड पाहत होती. समीक्षा डॉक्टरांच्या भाषेत करिष्माले सांगत होती, ओलं फडकं डोक्यावर ठेवा, अंगावर पाणी शिंपडा. ते त्यानं करू देलं. अंगावरच्या पाण्याले आईनं मनाई केली नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी बनाबाईचं उसाच्या रसाचं दुकान आहे. गाडीत पाणी टाकाले समीक्षा तिथं थांबली. मी सहज विचारलं, सायकलवाला बुढा पाह्यला का? बनाबाई म्हणे, नारायणराव ना? दरसाल थांबतात. काल संध्याकाळी आले, नळगंगेच्या पाण्यावर बसून आले म्हणे. मागच्या बाजेवर झोपले. गुडघ्याले मी तेल लावून देलं. सकाळी उन्हं वर आल्यावर उठले अन् सायकल ढकलत पायीच चढले. मी त्या बाजेकडे पाह्यलं. दुकानाच्या मागं, रस्त्यापासून चार पावलं. सकाळी आमची गाडी इथूनच गेली होती. तो बाजेवर, मी पदराखाली.

घाटात वर तिसऱ्या वळणावर कडब्यानं भरलेला ट्रक आडवा झाला होता. मागं गाड्याच गाड्या. समीक्षानं हॉर्न वाजवला, मग उतरून पुढं जाऊन पाहून आली. क्रेन आल्याशिवाय काही हलत नाही म्हणे. कठड्यावर वानरं बसून आमची गंमत पाहत होती. माह्या मांडीवर जनकाबाईच्या घरून भरलेली पाण्याची बाटली होती. मीच भरली होती, माह्याच हातानं. ती तापत चालली होती. मी एकदा दार उघडून खाली उतरली. मनात आलं, चालत जाऊ. त्या वळणापर्यंतही माह्यानं चालणं झालं नाही. समीक्षानं धरून परत बसवलं.

तिथं फोनची रेंज येई अन् जाई. आली तेव्हा करिष्माचा रडका आवाज आला. मामा बोलता बोलता कलंडले, काकू. तोंडात पाणी घातलं, बाहेर आलं. रिक्षात घालून बुलडाण्याले दवाखान्यात नेऊन राह्यलो.

मग रेंज गेली.

त्याच्यापुढं घाटात आम्ही किती वेळ होतो ते मी पाह्यलं नाही. समीक्षा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली होती. सारखी म्हणे, माही चूक, आजी. मी म्हटलं, तुही नाही, त्याची नाही, माही नाही. दूर खाली नळगंगेचं पाणी चमकत होतं. एवढं पाणी. तो आयुष्यभर पाहत फिरला ते हेच.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नारायण पलंगावर, हाताले सलाईन, अंगावर ओल्या पट्ट्या. डोळे उघडे. त्याले पाहून मी बाजूचा गिलास घेतला, बाटलीतलं पाणी ओतलं अन् त्याच्याकडे नेलं. नर्सनं माहा हात धरला. तोंडानं आता काही द्यायचं नाही म्हणे, आजी. डॉक्टरनं सांगतलं आहे. मी तिले म्हटलं, फक्त ओठाले लावतो. ती चांगली मुलगी होती, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात सोडला नाही.

मी गिलास घेऊन तशीच उभी राह्यली. देणारी आली, पाणी आलं, घेणारा समोर, अन् देता येत नव्हतं.

नारायणनं पाण्याकडे पाह्यलंच नाही. माह्या चेहऱ्याकडे पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मग माह्या हाताकडे. मग त्याचा मोकळा हात चादरीखाली कमरेशी गेला अन् काहीतरी चाचपाले लागला. त्याच्यानं गाठ सुटेना. मी सोडली. चाबी होती.

"तू पुढं हो," म्हणे. "घागर भर. मी येतो मागून."

मी त्याले हो म्हटलं. मले खोटं बोलताना आईची भीती वाटे, तशी त्या वेळीही वाटली.

मी गेली नाही. त्याले तसं टाकून कशी जाऊ? आखाजीची घागर जनकाबाईनं आपल्या अंगणात, आपल्या पितरांच्या घागरींच्या बाजूले आमच्या आईबाबांच्या नावानं भरून ठेवली. घराले कुलूपच राह्यलं. आतला फोन काही दिवस वाजत असेल, मग तोही बंद पडला असेल.

नारायण वाचला. पण डावा पाय ओढत चालते, अन् उन्हात जायचं नाही असं डॉक्टरनं सांगतलं आहे. आता तो माह्याकडेच राहते. सायकल माह्या ओट्याले टेकलेली आहे. रोज सकाळी तो तिले पुसते, चेनीले तेल देते, चाकं फिरवून पाह्यते, अन् पुन्हा टेकवून ठेवते. समीक्षा म्हणते, आबा, गाडीत घालून तुम्हाले येळगावचं पाणी दाखवून आणतो. एकदा नेलं. काचेतून पाह्यलं अन् म्हणे, दिसलं, चाल.

यंदाची आखाजी जवळ आली आहे. जनकाबाईचा निरोप आला, घराचं धाबं गळाले लागलं, कोणीतरी येऊन पाहा. कोण येईल? चाबी माह्या कमरेले आहे. पण माहेराहून मूळ यावं लागते, अन् माहेरी आता कोणी नाही. जो मूळ म्हणून यायचा तो माह्याच ओट्यावर बसला आहे.

दुपारी तो झोपून उठला की बाहेर येऊन रांजणाच्या बाजूले बसते. करिष्मा पाणी देते तर हात हलवून नाही म्हणते. मले आतून उठावं लागते. माहेही गुडघे आता वाजतात, पण उठतो. गिलास भरून नेतो. तो आधी माह्या तोंडाकडे पाह्यते, मग हाताकडे, मग पिते. गिलास परत देताना कधी कधी विचारते, "निघाचं का, बाई?"

मी म्हणतो, "ऊन उतरू दे, मंग निघू."

तो मान हलवते अन् सायकलीकडे पाहत बसते.